जुन्या कॅसेटी कन्व्हर्ट करताना नॉइज रिडक्शन बंदच ठेवा: माझं ठाम मत

टाळकरी_खानापूर
गावच्या पारायण सोहळ्याच्या आणि बेळगावातल्या शिवजयंती मिरवणुकीच्या मिळून अकरा मिनी-डीव्ही (हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल व्हिडिओ) कॅसेटी घरात होत्या. पहिल्या तीन शहरातल्या एका दुकानात दिल्या. पेन ड्राइव्ह आला, टीव्हीला लावला, आई समोर बसली. पडद्यावर आजोबा पखवाजावर. खरखर अजिबात नाही, चित्र गुळगुळीत. पण पखवाजाची धूम गायब, आणि टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे. आई म्हणाली, "हे मामंजींचं वाजवणं न्हवं." आणि उठून आत गेली.

ते मला फार लागलं. मग कॅसेटी परत आणल्या आणि स्वतः शिकलो. टाळ-झांजेचा आवाज सगळ्या वरच्या पट्टीत पसरलेला असतो, रेकॉर्डिंगमधली खरखरही तशीच. दुकानानं लावलेल्या नॉइज रिडक्शनच्या, म्हणजे खरखर काढणाऱ्या, फिल्टरला दोन्हींतला फरक कळत नाही, तो दोन्ही खरवडतो. चित्राचंही तेच. नरगुंदकर भावे चौकातल्या मिरवणुकीत दिव्यांच्या उजेडात गुलाल तरंगत होता. दुकानाच्या फाईलमध्ये तो गुलालच नाही, फिल्टरनं चित्रातले खरखरीत दाणे समजून पुसला.

आता हँडब्रेक या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी असं ठेवतो: एच.264 (व्हिडिओ दाबायची पद्धत), आरएफ 18 (दर्जाचा आकडा, कमी ठेवला की चित्र चांगलं आणि फाईल मोठी), डीनॉइज म्हणजे दाणे पुसणारा फिल्टर बंद, डीइंटरलेस बॉब (कॅमेऱ्यानं टिपलेल्या प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र), फ्रेमरेट 50 (सेकंदाला 50 चित्रं). आकार आहे तोच, 720 बाय 576, प्रमाण 4:3. उगाच 1080 ला ताणायचं नाही. आवाज एएसी (आवाज दाबायची पद्धत) 256 केबीपीएस स्टीरिओ, फिल्टर एकही नाही.

निपाणी_मोबाइल
दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचं मत पटत नाही. तुमच्या सेटिंगनं मी आमच्या लग्नाची कॅसेट करून बघितली, एका तासाची फाईल 4 जीबीच्या वर गेली. कारण सरळ आहे: कॅसेटवरचे दाणे दर फ्रेमला बदलतात आणि एन्कोडर, म्हणजे फाईल दाबणारा प्रोग्राम, प्रत्येक दाणा जपायला जागा खर्च करतो. हलका डीनॉइज लावला, एच.264 च्या पुढची एच.265 पद्धत घेतली, फाईल निम्म्याच्या खाली आली. बघणारी माणसं पुण्यात आणि दुबईत, सगळी मोबाइलवर. त्यांना 4 जीबी कोण पाठवणार? न बघितलेली चांगली फाईल काय कामाची?

टाळकरी_खानापूर
मग आरएफ वाढवा की. साधारण सहानं वाढवलं की फाईल निम्मी होते. एवढ्याशा चित्राला 22 पर्यंत चालतं, आणि दाणे थोडे विरघळले तरी गुलाल राहतो. पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते पुन्हा दाबतं.

लाठीमेळा_बेळगाव
तुम्ही सांगालाय ते 50 चं बरोबर हाय. आमच्या मंडळाची मिरवणूक कुणीतरी 25 नं करून दिली, डीइंटरलेस केलंच नाही. पोरगं लाठी फिरवतंय आणि लाठीच्या जागी फणीचे दात. या कॅमेऱ्यात सेकंदाला 50 अर्धी चित्रं असतात, त्यातली प्रत्येक वेळ वेगळी. दोन जोडून एक केलं की तेच होणार.

चिकोडी_एडिटिंग
मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, रोजचं काम आहे, म्हणून दोघांनाही थोडं बोलते.

निपाणीकर भाऊ, एच.265 नं जागा वाचते हे खरं. पण गावाकडच्या बऱ्याच जुन्या टीव्हींना पेन ड्राइव्हवरची एच.265 फाईल चालत नाही, आवाज येतो आणि चित्र काळं. म्हाताऱ्या माणसांसाठी देताना मी एच.264 च देते.

टाळकरी दादा, "फिल्टर एकही नाही" हे मात्र मला मान्य नाही. मंडपात लायटीच्या वायरीशेजारून माइकची वायर गेली की 50 हर्ट्झची गुणगुण बसते, कधी 100 आणि 150 लाही. ती तेवढीच अरुंद चीर देऊन, म्हणजे फक्त तेवढाच सूर कापून, काढता येते. दुकानदारानं बहुधा सरसकट खालची पट्टी कापली असणार, म्हणून तुमच्या पखवाजाची धूम गेली. दोष फिल्टरचा नाही, हाताचा आहे. आणि बॉब लावायच्या आधी फील्डचा, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांचा, क्रम बघा. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, व्हीएचएसवरून (जुन्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटीवरून) कॅप्चर केलेलं बहुतेक उलटं. चुकला की माणसं पुढे-मागे हिसके देत चालतात.

टाळकरी_खानापूर
ताई, अरुंद चिरेचं मान्य, ते मी करून बघतो. पण खरखर काढणारा फिल्टर मी भजनावर लावणार नाही. कीर्तनकार नुसते बोलतात तिथे तो शोभतो. गजरात नाही. आणि मूळ डीव्ही फाईल, तासाला 13 जीबी, मी हार्ड डिस्कवर तशीच ठेवलीय. दुकानानं ती दिलीच नव्हती, माझा खरा राग त्यावर आहे.

निपाणी_मोबाइल
मूळ फाईल ठेवायची हे मात्र शंभर टक्के बरोबर. मी पुसत होतो, आता नाही पुसणार. डीनॉइजचं अजून पटलेलं नाही. रविवारी तीस सेकंदांचा तुकडा दोन्ही पद्धतींनी करतो आणि वडिलांना हेडफोन लावून ऐकवतो, ते स्वतः भजनी आहेत. कुठला तुकडा घेऊ?

टाळकरी_खानापूर
भाषणाचा घेऊ नका, त्यात फरक कळणार नाही. शेवटचा गजर घ्या, लय द्रुत होते आणि सगळे टाळ एकदम पडतात तिथला.