लाय : ले :: ले : ? उत्तर 'लेड' की 'लेन'?

कोरी_पाटी:
सराव-संचात इंग्रजी क्रियापदांच्या रूपांवर समसंबंधाचा प्रश्न आहे. लाय : ले :: ले : ? पर्याय लाइड, लेन, लेड, लेइंग. उत्तर 'लेड' दिलंय. पण लाय-ले-लेन असं पाठ असताना 'ले'च्या पुढे 'लेन' का नको? (इथला लाय म्हणजे आडवं होणं. खोटं बोलण्याचा लाय-लाइड-लाइड वेगळा, एवढं ठाऊक आहे.) स्पष्टीकरणाच्या जागी नुसतं 'योग्य पर्याय क' छापलंय. त्याचं काय करू?

रिकामटेकडा:
लेड. पहिली जोडी व्ही-१ (मूळ रूप) : व्ही-२ (साधा भूतकाळ), म्हणून दुसरीही तशीच. संपलं.

शब्दवेडी:
अनुमोदन, पण एवढ्याने कोरी_पाटी यांचं समाधान व्हायचं नाही.

प्रश्नातले दोन 'ले' एकमेकांचे कोणी लागत नाहीत. पहिला हा 'लाय'चा भूतकाळ. दुसरा स्वतंत्र क्रियापद, अर्थ 'ठेवणं', रूपं ले-लेड-लेड. तुम्ही दुसऱ्यालाही भूतकाळच धरलंत. मग ले : लेन ही जोडी व्ही-२ : व्ही-३ (हॅव-हॅडबरोबर येणारं रूप) झाली, डावीकडे मात्र व्ही-१ : व्ही-२ आहे. समसंबंधात साखळी पुढे न्यायची नसते, डावीकडचं नातं जसंच्या तसं उजवीकडे लागतं.

मी शिकवताना आधी पर्याय हाताने झाकायला लावते. नातं मोठ्याने म्हणा: 'मूळ रूपावरून साधा भूतकाळ'. मग उजवीकडचा शब्द शब्दकोशात मूळ क्रियापद म्हणून सापडतो का ते आठवा. 'ले' सापडतो. 'फाउंड'ही सापडतो, अर्थ स्थापना करणं; म्हणून फाइंड : फाउंड :: फाउंड : फाउंडेड. असले प्रश्न काढणाऱ्यांच्या भारी आवडीचे!

यमकावर मात्र विसंबू नका. सिंग-सँग, रिंग-रँग म्हणून ब्रिंग-ब्रँग करणारे दर वर्गात भेटतात. ते ब्रॉट. ड्रिंक-ड्रँक, थिंक-थॉट, ब्लिंक-ब्लिंक्ड: शेवट एक, रूपं तीन तऱ्हांची.

कोरी_पाटी:
आता उलगडलं. मग लगेच पुढचा बघा. वॉक : वॉक्ड :: स्विम : ? आणि पर्यायांत स्वॅम, स्वम दोन्ही! 'वॉक्ड' तर व्ही-२ही आहे आणि व्ही-३ही.

शब्दवेडी:
बरोबर पकडलंत, हा प्रश्नच सदोष आहे. नियमित क्रियापदाची ही दोन रूपं सारखीच, त्यामुळे डावी जोडी काही ठरवतच नाही. परीक्षेत आलाच तर रिवाजाप्रमाणे स्वॅम लिहा. काढणाऱ्याने 'राइट : रोट' घेतलं असतं तर वाद उरला नसता.

रिकामटेकडा:
थोडं अवांतर. २०१३ साली गूगलमधल्या संशोधकांनी वर्ड-टू-व्हेक नावाचं संगणकी तंत्र आणलं. त्यात प्रत्येक शब्दाची आकड्यांची एक ओळ असते आणि असले प्रश्न बेरीज-वजाबाकीने सुटतात. 'वॉकिंग'ला 'वॉक्ड', तर 'स्विमिंग'ला काय, असंच त्याला विचारत. अपेक्षित उत्तर स्वॅम. पण एका शब्दाला एकच ओळ, त्यामुळे दोन्ही 'ले' तिथे एकाच पोत्यात. शिवाय बिचाऱ्याला चार पर्यायही नाहीत, अख्ख्या शब्दसंग्रहातून शोधायचं!