चिठ्ठ्या नाहीत, सूत्र आहे

३२ संघ आणि प्रत्येकाचे सामने १७च, मग एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये प्रतिस्पर्धी चिठ्ठ्या टाकून ठरवतात का, हा प्रश्न रास्त आहे. पण तसं नाही. लीगचे दोन अर्धे भाग आहेत, एएफसी आणि एनएफसी; त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. दोन्ही मिळून चार-चार संघांचे आठ गट आहेत. आपल्या गटातल्या तिघांशी दोनदा, म्हणजे ६ सामने. आपल्याच कॉन्फरन्समधल्या एका गटाशी ४, दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या एका गटाशी ४. हे गट दरवर्षी आळीपाळीने बदलतात. उरलेले ३ मात्र गेल्या मोसमात आपापल्या गटात तुमच्याच क्रमांकावर आलेल्यांशी. म्हणजे गटात पहिले आलात की पुढच्या वर्षी तीन गटविजेते अंगावर! मला ही खोच फार आवडते.

सतरावा सामना २०२१ पासूनचा. आकडा विषम, त्यामुळे एका वर्षी एएफसीच्या संघांना घरचे ९ सामने, पुढच्या वर्षी एनएफसीच्यांना.

मोसम संपताच पुढचे प्रतिस्पर्धी कळतात. तारखा-वेळा मात्र साधारण मे महिन्यात जाहीर होतात. तिथे खरी ओढाताण टीव्हीवाल्यांची. आणि शनिवारचे सामने डिसेंबरपर्यंत जवळपास नसतातच, कारण अमेरिकेचा १९६१चा प्रक्षेपण कायदा शनिवारी खेळल्या जाणाऱ्या कॉलेज फुटबॉलला संरक्षण देतो.