मदत हवी आहे: टायटॅनियम कार्बाइडचा थर सिलिकॉनवर टिकतो, पंचावरून सुटतो

नमस्कार मंडळी. मी बेळगावची, एम. टेक.ला आहे. उद्यमबागेत बाबांचं पत्रा कापायच्या प्रेसचं छोटं शॉप आहे. स्टेनलेसचे वॉशर काढताना पत्रा पंचाच्या, म्हणजे तो कापणाऱ्या पोलादी ठोकळ्याच्या, बाजूंना चिकटतो, ओरखडे पडतात, पंच सारखा ग्राइंडिंगला जातो. म्हणून प्रोजेक्टला हाच विषय घेतला: पंचावर मॅग्नेट्रॉन स्पटरिंगने (व्हॅक्यूममध्ये आयनांच्या माऱ्याने टार्गेटचे, म्हणजे धातूच्या तबकडीचे, अणू उडवून थर बसवायची पद्धत) नॅनोरचनेच्या टायटॅनियम कार्बाइडचा कठीण थर.

टार्गेट टायटॅनियमचं, वायू आरगॉन आणि थोडं अ‍ॅसिटिलीन. तापमान ३०० अंश, बायस (आयन खेचायला पंचाला दिलेला व्होल्टेज) वजा १५० व्होल्ट, जाडी २.५ मायक्रॉन. अ‍ॅसिटिलीन नेमकं किती सोडायचं यातच दोन महिने गेले. कार्बाइडचे काही नॅनोमीटरचे दाणे आणि त्यांच्यामध्ये अस्फटिक कार्बनचं पातळ अस्तर, अशी रचना जमली की भेगेला सरळ वाट मिळत नाही. अ‍ॅसिटिलीन जास्त झालं की अस्तर जाड होतं, घर्षण उतरतं पण कठीणपणाही घसरतो. त्यात पाऊस. इथल्या दमट हवेत चेंबर जरा उघडं राहिलं की व्हॅक्यूम यायला भलताच वेळ लागतो. शेवटी सिलिकॉनच्या तुकड्यावर कठीणपणाचे ३४ गिगापास्कल आले. अतिकठीण म्हणायला ४० लागतात, पण आमच्या वॉशरला ३४ पुष्कळ झाले.

अडचण पंचावर आली. डी-२ या टूल स्टीलचा पंच चेंबरमधून काढला तेव्हा करडा, एकसारखा चकाकत होता. तिसऱ्या दिवशी भिंगाखाली पाहिलं तर धारेलगत नागमोडी फुगवटे. नखाने हलकं टोचलं तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर निघून आला. प्रेसवर न चढवताच! बाबा काही बोलले नाहीत, पंच फडक्यात गुंडाळून ठेवला. मला फार लागलं ते.

थरातला ताण जास्त झालाय की चिकटण्यातच दोष आहे? बायस कमी केला तर कठीणपणा जाईल अशी भीती वाटते. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
नागमोडी फुगवटे म्हणजे दाबाचा ताण आहेच. पण सिलिकॉनवर तोच थर टिकतो, तेव्हा आधी पंच बघा. वायरकटचा, म्हणजे तारेच्या ठिणग्यांनी कापलेला, आहे का? वायरकटने वर वितळून थिजलेला ठिसूळ पापुद्रा राहतो. थर त्यालाच धरून बसतो आणि दोन्ही मिळून सुटतात. पॉलिश करून तो काढाच. दुसरं, टेम्परिंग (कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवणं) किती अंशांवर झालंय ते विचारा. २०० वर असेल तर तुमच्या ३०० अंशांत पोलाद मऊ पडणार. ५०० च्या वर केलेलं घ्या. मग नुसत्या टायटॅनियमचे १००-२०० नॅनोमीटर टाका आणि अ‍ॅसिटिलीन हळूहळू चढवत न्या. बायस सुरुवातीला वजा ५० ठेवा. धार किंचित गोल करा, टोकदार कडेवर आयनांचा मारा जास्त बसतो. आणि नखावर जाऊ नका. रॉकवेल सी या कठीणपणाच्या चाचणीचा ठसा मारून त्याच्या कडेच्या भेगा बघा.

धागाकर्ती:
सर, मनापासून आभार. बाबांना आत्ताच विचारलं. पंच वायरकटचाच, आणि पॉलिश फक्त तोंडाला केलं होतं, बाजू तशाच राहिल्या. थर सुटायला लागला तोही बाजूंनीच. टेम्परिंगचं उद्या हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे जाऊन विचारते. एकच शंका: टायटॅनियम टाकण्याआधी आरगॉनचं एचिंग (आयनांच्या माऱ्याने पृष्ठभाग साफ करणं) मी १० मिनिटं करते, पॉलिश केलेल्या पंचाला तेवढं पुरेल का?