तारीख कोण ठरवतं?
‘संस्था एकत्र येऊन सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी शिबिरं घेतात, पण लोकच येत नाहीत’ अशी तक्रार ऐकली. अहो, लोक असतात कुठे? दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत, आणि शिबिरं नेमकी हिवाळ्यात! (मार्चआधी निधी संपवायचा असतो ना.) परततात ती होळीला.

आमच्याकडे बचतगटाच्या बायांनी हट्ट धरून तपासणीचं टेबल भोंगऱ्या बाजारात (होळीआधीच्या आदिवासी बाजारात), हार-कंगणाच्या दुकानाशेजारी लावून घेतलं. बोटातून थेंबभर रक्त, काही मिनिटांत सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी. पॉझिटिव्ह आलं तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे आजार आहे की माणूस नुसता वाहक (दोष अंगात, पण आजार नाही) हे सांगणारी चाचणी. लग्नाच्या वयाची पोरंपोरी तिथंच सापडतात. आई-बाप दोघंही वाहक असतील तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, हे त्यांनाच आधी कळायला हवं. आशाताई तिथल्या पावरी बोलीत समजावत होत्या, म्हणून रांग टिकली.