मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँकेतली नोकरी: आतल्या लोकांनी लिहा

मालाडची मावशी
भाचीला काल एका मोठ्या अमेरिकन बँकेची ऑफर आली. ऑफिस गोरेगावला. घरात पेढे वाटून झाले आणि रात्री ती हळूच विचारते, "मावशी, तिथे माणसं कशी असतात गं?" मग सगळं आठवलं. मी अशाच एका बँकेच्या ऑपरेशन्समध्ये, म्हणजे झालेले सौदे मागे बसून पुरे करणाऱ्या विभागात, बरीच वर्षं काढली. पगार वेळेवर, साहेबाला नावाने हाक, कोणी आवाज चढवून बोलायचं नाही. पण घड्याळ न्यूयॉर्कचं. मार्चमध्ये तिकडे काटे पुढे सरकले की आम्ही तासभर लवकर सुटायचो, नोव्हेंबरात मागे गेले की घरी पोचायला तासभर उशीर. गणपतीत घरी आरती चालू आणि मी हेडफोन लावून आतल्या खोलीत. सध्या कोणी आत असाल तर लिहा, तिला वाचायला देणार आहे.

नाइटशिफ्ट
फ्रंट ऑफिस (जिथे सौदे होतात) की ऑपरेशन्स, ते आधी विचारा तिला. जगंच वेगळी आहेत. आमच्याकडे 28 मे 2024 पासून सगळं बदललं. अमेरिकेत टी प्लस वन आलं, आजचा सौदा उद्या सेटल, म्हणजे पैसे आणि शेअर्सची देवघेव पुरी. अफर्मेशनची, म्हणजे सौद्याचा तपशील बरोबर आहे असं कळवण्याची, मुदत तिकडचे रात्रीचे नऊ, म्हणजे उन्हाळ्यात आपले सकाळचे साडेसहा. पहाटे चारला ब्रेक, म्हणजे न जुळणारी नोंद, सापडतो तेव्हा लंडन झोपलेलं असतं, न्यूयॉर्कवाले घरी निघालेले असतात आणि एक्सेलमधल्या त्या लाल ओळीसमोर आपण एकटे. टीम मात्र सोन्यासारखी. कोणाचं मूल आजारी पडलं तर बाकीचे आपसात रोस्टर बदलून घेतात, मॅनेजरपर्यंत जावंच लागत नाही.

कोथरूडकर
ब्लॉक लीव्ह कोणी लिहिली नाही अजून? वर्षातून सलग दोन आठवडे सक्तीची रजा, लॉगिनसुद्धा बंद. 1995 मध्ये बेअरिंग्ज ही ब्रिटिश बँक एका ट्रेडरने बुडवली. 2008 मध्ये सोसिएते जनराल या फ्रेंच बँकेला गोत्यात आणणारा ट्रेडर तर रजा जवळजवळ घेतच नव्हता. माणूस खुर्चीवरून उठला की लपवलेलं बदलीवाल्याच्या हाती लागतं, म्हणून ही सक्ती. कारण काही असो, त्या दोन आठवड्यांत मुलांना बाबा मिळतो. आम्ही दर वर्षी कोकणात.

अनु खराडी
बायकांचं मी लिहिते. रात्री उशिरा घरी सोडायला कॅब, सोबत गार्ड, त्यात कधी हयगय नाही. बाळंतपणाची 26 आठवडे रजाही कायद्याप्रमाणे मिळाली. परत आले तर माझं काम दुसऱ्याकडे, आणि वर्षअखेरीच्या रेटिंगमध्ये लिहिलेलं, "या वर्षी फारशी दिसली नाही". दिसणार कशी? ते वाक्य अजून सलतं. भाचीला सांगा, केलेल्या कामाची नोंद स्वतःजवळ ठेव, महिन्याच्या महिन्याला.

पार्लेकर काका
अनु, वाचून वाईट वाटलं गं. माझा मुलगा लंडनला अॅनालिस्ट आहे. 2021 मध्ये गोल्डमन सॅक्सच्या 13 नवख्या अॅनालिस्टांनी आपली पाहणी वरिष्ठांसमोर मांडली होती. आठवड्याला सरासरी 95 तास काम! मागणी काय, तर 80 ची मर्यादा घाला. ऐंशीसुद्धा मागून घ्यावे लागतात, हे बापाला कसं पचावं? गोल्डमनमध्ये शुक्रवारी रात्री नऊ ते रविवारी सकाळी नऊ काम बंद, असा नियम आहे. मुलाच्या बँकेतही शनिवार मोकळा असतो म्हणे. त्या दिवशी त्याचा फोन आला की ही शिरा करते.

नाइटशिफ्ट
@कोथरूडकर कोकणात कुठे? आम्ही गुहागर.

कोथरूडकर
वेळणेश्वर. घरगुती जेवण, आणि नेटवर्क एकाच कोपऱ्यात येतं. तुम्ही डिसेंबरात असाल तर भेटू.

मालाडची मावशी
सगळ्यांचे आभार. भाची इथेच बसून वाचतेय. विचारतेय, डोंबिवलीला ड्रॉप मिळतो का?

अनु खराडी
सही करण्याआधी एचआरला मेलवर विचारायला सांगा, बऱ्याच ठिकाणी किलोमीटरची हद्द असते. शिफ्ट अलाउन्स ऑफरमध्ये धरलाय की वेगळा, तेही त्याच मेलमध्ये विचार म्हणावं.