मदत हवी आहे: बंद अणुवीज प्रकल्पाच्या तळघरातल्या काँक्रीटचे कोअर (तपासणीसाठी ड्रिलने काढलेले दंडगोल नमुने) ओले कापावेत की कोरडे?

मिशिगन सरोवराकाठचा झायन अणुवीज प्रकल्प 1998 मध्ये बंद जाहीर झाला. तिथे जमिनीखालची तळघरं जागेवर ठेवून भराव घातला गेला. अशा ठिकाणी आधी काँक्रीटमध्ये कोणते किरणोत्सारी पदार्थ, किती खोल मुरलेत ते मोजावं लागतं. अमेरिकेत जागा इतर वापरासाठी मोकळी करायची तर तिथून माणसाला मिळणाऱ्या किरणोत्साराची मर्यादा वर्षाला 25 मिलिरेम (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक). सीझियम-137 आणि कोबाल्ट-60 गॅमा डिटेक्टरला दिसतात. ट्रिटियम आणि निकेल-63 फक्त बीटा किरण सोडतात, ते काँक्रीटमधून बाहेर येत नाहीत, म्हणून कोअर काढून प्रयोगशाळेत पाठवण्यावाचून गत्यंतर नाही.

अडचण इथेच आहे. डायमंड बिटला पाणी दिलं की ट्रिटियम धुऊन जातं, आणि गढूळ रेंदा वरचं सीझियम कोअरच्या कडेने खाली नेतो. मग काप केले की खोली उगाच जास्त दिसते. कोरडं कापावं तर बिट तापतो, ट्रिटियम वाफेबरोबर उडतं, धूळ वेगळीच. त्यात सरोवरालगत भूजल वर, भोकात झिरपतं.

दोन वेगळे कोअर घेता का? की कडेचा थर घासून फक्त मधला भाग तपासता? आणि फ्लोअर ड्रेनजवळचं सीझियम-निकेल गुणोत्तर (सीझियम मोजून निकेलचा अंदाज काढायचं प्रमाण) अणुभट्टीचे न्यूट्रॉन खाऊन स्वतःच किरणोत्सारी झालेल्या भिंतीला चालत नाही, तर प्रत्येक भागात किमान किती कोअर पुरतात?