मदत हवी आहे: पेटीत कोणत्या पकडी ठेवू? लवकर सांगा

गोदाकाठ: साधी 8 इंची पक्कड, नोज प्लायर, साइड कटर, वॉटर पंप प्लायर, ग्रिप प्लायर, सर्क्लिप प्लायर. पेटीचं झाकण लागंना. गाडीवर न्यायचीय, तीनच ठेवणार. कोणत्या? उद्या पहाटे निघायचंय.

वायरमन_जालना: काम काय ते सांगा की भाऊ.

गोदाकाठ: शेतातलंच. तीन नावं सांगा फक्त.

परभणीकर: कुंपणाला 8 इंची एकटी बास. तार टोकाशी धरू नका, सांध्याजवळच्या पात्यात घाला, जोर कमी लागतो. क्लच केबल किंवा स्प्रिंग त्यात कापली की पात्याला खाच पडते. मग साधी तारसुद्धा तुटत नाही, नुसती चेमटते.

वायरमन_जालना: कुंपण म्हणाले कुठं ते? स्टार्टर असंल तर नोज प्लायर पाहिजे. मुठीला रबर आहे म्हणून इन्सुलेटेड समजू नका, 1000 व्होल्टची खूण बघा. तरीबी मेन बंद करून तिन्ही फेज टेस्टरनं तपासा.

लातूरवाला: ग्रिप प्लायर ठेवा, बाकी घरी. मागचा स्क्रू असा लावा की मूठ दाबल्यावर खट् करून बसली पाहिजे. सहज बसली तर सटकणार.

परभणीकर: चांगल्या नटाला ग्रिप लावू नका, कोपरे खाते. नटाला पानाच.

लातूरवाला: गोल झालेल्या नटाला पाना बसतो का?

नांदेडचा: पकडी जाम असतील तर सांध्यात डिझेल सोडून रात्रभर ठेवा.

गोदाकाठ: जाम नाहीत हो! बोअरची मोटर वर काढायचीय. सव्वा इंची लोखंडी पाइप, ते जोडणारे सॉकेट गंजलेत.

वायरमन_जालना: हे आधी सांगायचं ना! गंजलेलं सॉकेट कोणत्याच पकडीनं फिरणार नाही. 18 इंची पाइप पाने दोन न्या, एकानं पाइप धरायचा, दुसऱ्यानं सॉकेट फिरवायचं. पाइप आवळून धरायचे क्लॅम्पबी दोन. वरचा क्लॅम्प आवळून वजन त्यावर आल्याशिवाय खालचा सोडू नका, नाहीतर मोटर पाइपासकट बोअरात जाते. पकडीपैकी साइड कटर तेवढा घ्या, पाइपाला केबल बांधलेल्या पट्ट्या कापायला. पट्टी केबलच्या उलट्या बाजूनं कापा. केबलच्या रबराला चीर गेली की पाण्यात अर्थ मारते, म्हणजे करंट पाण्यात उतरतो.

गोदाकाठ: पाइप पाना एकच आहे. 14 इंची. चालंल का?

लातूरवाला: त्याला ग्रिप लावा की जोडीला.

वायरमन_जालना: नका लावू. दुसरा पाना आज रात्रीच मागून आणा.